मुंबईची अडगळ, गावचा गडगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर पानभर लेख होता. फोटो मस्त होते, पांढरी भिंत, एक सोफा, एक कुंडी आणि बाकी सगळं मोकळं. सहा महिने ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर काढा असं त्यात लिहिलेलं. वाचायला बरं वाटलं, पण घराबाहेर म्हणजे नक्की कुठे ते काही मला पानभर शोधून सापडलं नाही, आणि आम्ही नेमके त्या 'कुठे'मध्येच राहतो म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगते, पाहिजे तिथे कात्री लावा.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. चिऱ्याचं, कौलारू, ओटी, पडवी, माजघर आणि वर अख्ख्या घरावर माळा. वर्षभर इथे राहणारे आम्ही तिघं, आमचे हे, मी आणि सासूबाई. बाकी सगळं खटलं मुंबई, ठाणे, डोंबिवलीला, ते गणपतीला आणि मे महिन्यात येतात. आता त्यांनी तिकडे घर आवरलं, लेखात सांगितलंय तसं शिस्तीत आवरलं, की जुना सोफा, जाडा टीव्ही, बाबागाडी, मिक्सरची भांडी (मिक्सर नाही, नुसती भांडी) यांचं काय करायचं हा प्रश्न येतो. सोसायटीचा वॉचमन जिन्याखाली ठेवू देत नाही, भंगारवाला किलोवर घेतो आणि सोफ्याला तर वर आपल्याकडेच पैसे मागतो, आणि फेकवत तर नाहीच. मग कुणीतरी म्हणतं, गावी पाठवून देऊ, गावाला काय, जागाच जागा आहे. गाडी कुणाची ना कुणाची येतच असते. तिकडे फ्लॅट मोकळा झाला, फोटो काढला, इकडे आमच्या पडवीत सोफा आला.

हे एकट्या आमच्या घरचं गाऱ्हाणं नाही हो. वाडीत कुठल्याही घरी जा, पडवीत एक तरी मुंबईचं कपाट असतं ज्याचा एक दरवाजा लागत नाही, आणि त्यात काय आहे ते कुणाला माहीत नसतं. वर माळ्यावर जुनं सामान असतंच, घंगाळ, बंब, हंडे, कणगी, सुपं, रोवळ्या, आजेसासऱ्यांचं इरलं, फुटक्या काचेचे कंदील, आंब्याच्या लाकडी पेट्या, बोर्नव्हिटाच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. त्यावर हे नवीन येऊन पडतं. सासूबाईंचं म्हणणं असतं, असू दे, लागेल कधीतरी. त्यांचं अगदीच चुकतं असंही मी म्हणणार नाही, कारण जत्रेला आणि गणपतीला वीस माणसं जेवायला असली की मोठं पातेलं त्याच माळ्यावरून खाली येतं. पण मिक्सरची भांडी कधी लागणार ते मला कुणीतरी सांगा.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती तुमच्या लेखिकेला शहरात बसून कळणं कठीण आहे. आमची घरं सामायिक असतात. सातबाऱ्यावर आणि घरपत्रकावर चार भाऊ, त्यांच्या दोन बहिणी, वारलेल्या काकांची मुलं अशी सगळी नावं. वस्तू कुणाची तर सगळ्यांची, म्हणजे टाकायचा अधिकार कुणाचाच नाही. राहणाऱ्याने मोडका पलंग काढला की गणपतीत हमखास विचारणा होते, अण्णांचा पलंग कुठाय. मग दहा मिनिटं शांतता. म्हणून राहणारा हातच लावत नाही आणि न राहणारा तर येऊन आरती करून जातो. घर आवरण्याच्या सगळ्या लेखांत एक माणूस आणि त्याचं मन एवढंच असतं, मनाला विचारा ही वस्तू हवी का वगैरे. इथे नुसत्या मनाला विचारून भागत नाही, ग्रुपवर विचारावं लागतं.

तर आम्ही ग्रुपवरच विचारलं. यंदा गणपती गेल्यावर एकेक वस्तू खाली काढली, पुसली, उजेडात फोटो काढला आणि फॅमिलीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की ज्याला पाहिजे असेल त्याने नाव सांगावं आणि दिवाळीला आलात की घेऊन जावं, नाव आलं नाही तर आम्ही लावू ती वाट. भांडण होईल असं वाटलेलं, पण बघा, घंगाळावर तिघांनी नाव सांगितलं, बंबावर दोघांनी, आणि सोफ्यावर कुणीच नाही, ज्यांनी पाठवला त्यांनी तर अंगठासुद्धा दाखवला नाही. फोटो टाकण्याचा फायदा असा की बोलणं लेखी राहतं. पुढच्या गणपतीत अण्णांचा पलंग कुठाय विचारलं की मोबाइल पुढे करायचा.

एक सावधगिरी मात्र सांगते, हे छापाच. कागदांच्या ट्रंका भंगारात देऊ नका. आमच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत लाइटबिलं, लग्नपत्रिका आणि रेशनकार्डांच्या खाली जुनी खरेदीखतं, फेरफाराच्या नकला, हाताने काढलेला मोजणीचा नकाशा आणि मोडीतले काही कागद निघाले. मोडी आता घरात कुणाला येत नाही म्हणून लोक ते कागद सरळ बंबात घालतात, मी बघितलंय. 2023 मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधताना सगळ्यांची काय धावपळ झाली ते आठवत असेल. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, शिकलेली तरुण पोरं आहेत, वाचून घेता येतं. वाचेपर्यंत कागद सुती कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आतल्या आत ओल धरते आणि पानं एकमेकांना चिकटतात. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा केलं की ते निघत नाही.

आता जे कुणालाच नको ते. तांबं पितळ गेलं, लोखंड गेलं, रद्दी गेली, भंगारवाला टेम्पो घेऊन हसत आला आणि हसत गेला. राहिलं काय तर जाडा टीव्ही, ट्यूबलाइटी, सीएफएल, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, मोबाइलचे चार्जर, एक्स्पायर झालेली औषधं, सोफ्याचा फोम, फुटकी काच. बॅटरीला गिऱ्हाईक मिळतं कारण तिच्यात शिसं असतं, दुकानदार नवीन घेताना जुनी परत घेतो. टीव्हीचं गिऱ्हाईक मात्र असं असतं की तो मागची तांब्याची तार काढून घेतो आणि उरलेला डबा पुढच्या वळणावर पऱ्यात, म्हणजे ओहोळात, टाकतो. त्या जाड्या टीव्हीच्या काचेतही शिसं असतं आणि ट्यूबलाइटमध्ये, सीएफएलमध्ये पारा, तो पऱ्याच्या पाण्यात, आणि खाली त्याच पऱ्याच्या कडेला विहीर. ई-कचऱ्याचे नवे नियम 2022 ला आले, 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, त्यात जुन्या वस्तूंची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय. कागदावर झकास आहे. आमच्या वाडीपर्यंत अजून एकही कंपनी टीव्ही न्यायला आलेली नाही, पोस्टमन येतो तेवढाच.

मग हे सगळं जातं कुठे? गडग्याबाहेर, म्हणजे घराभोवती रचलेल्या दगडी कुंपणाबाहेर. वर विचारलेल्या 'कुठे'चं उत्तर हेच आहे. घर आवरलं म्हणजे माळ्यावरचं खाली आलं, खालचं अंगणात आलं, अंगणातलं गडग्याला टेकवून ठेवलं, आणि पहिला पाऊस पडून वर रान वाढलं की ते दिसेनासं झालं. टेकवलेल्या वस्तूला आमच्याकडे कुणी कचरा म्हणत नाही, ती टेकवलेली असते. फुटका सिंटेक्स, टायर, शौचालयाचं जुनं भांडं, कौलांचा ढीग, पत्रे. त्या टायरात आणि फुटक्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्याचा मोठा होतो, आरोग्य सेविका बिचारी दर पावसाळ्यात घरोघर सांगत फिरते की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. नुसतं पाणी ओतून पण भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि सुकी महिनोनमहिने टिकतात, घासून काढावी लागतात. ढिगात उंदीर होतात, उंदराबरोबर लेप्टोचा ताप, आणि उंदरामागून येणारं जनावर, म्हणजे साप, वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं आहे की घर आवरणं आणि दारापुढचा गडगा नीट करणं ही दोन कामं नाहीतच, एकच आहे, आणि सुरुवात उलटी करावी, आधी गडगा. गडग्याच्या दोन्ही अंगांना हातभर जागा साफ केली की टेकवायला जागा उरत नाही आणि मग माळ्यावरची प्रत्येक वस्तू कुठे जाणार हे आधी ठरवावंच लागतं. दिवसही बरोबर हेच आहेत. पावसाळा सरला, भात झोडून झालं, की गडगे आणि वई (झाडाकाट्यांचं कुंपण) घालायची हे आमच्याकडे पूर्वापार ठरलेलं, कारण भात निघालं की गुरं मोकळी सुटतात आणि मग आगरात, म्हणजे घराजवळच्या बागेत, काही ठेवत नाहीत.

पण हल्ली गडगा नीट करायचा म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं, तोडा आणि भिंत घाला. चाकरमान्यांना तर फारच हौस. सहा फुटी चिऱ्याची भिंत, वर सिमेंटचं प्लास्टर, त्याला गुलाबी किंवा पोपटी रंग, लोखंडी गेट आणि गेटवर दोन सिंह. ज्यांना तेवढं झेपत नाही ते सिमेंटच्या रेडिमेड फळ्यांचं कंपाउंड बसवतात, दोन दिवसांत उभं. वाडीची पाखाडी, म्हणजे पायवाट, आता दोन भिंतींच्या मधून जाते, कुणाच्या ओटीवर कोण बसलंय दिसत नाही, हाक मारायची सोय नाही. सिंहांबद्दल मी काही बोलत नाही, ज्याची त्याची हौस.

दिसण्याचं सोडा, पाण्याचं काय? आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि जमीन उताराची. वरच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) येणारं पाणी एका आगरातून दुसऱ्यात, तिथून पाखाडीत, तिथून पऱ्यात असं जात आलेलं आहे. रचीव गडग्यातून ते झिरपून जातं, मध्ये चुना नाही सिमेंट नाही, नुसते दगड, माती मागे राहते आणि पाणी पुढे जातं. प्लास्टर केलेली भिंत म्हणजे धरणच. जुलैमध्ये मागे पाणी तुंबतं, माती फुगते, भिंतीला पोट येतं, आणि मग एका रात्री ती पाखाडीवर आडवी. पडते तेव्हा मालक मुंबईत असतात. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी भरलं त्याला कारणं पुष्कळ होती, मी ते सगळं कंपाउंडवर ढकलत नाही, पण पाणी उतरल्यावर तिथल्या रस्त्यांवर गाद्या, कपाटं, फ्रिज, टीव्ही यांचे जे डोंगर उभे होते ते ज्यांनी बघितलेत त्यांना घरातलं सामान आणि बाहेरचं पाणी या दोन गोष्टींचं नातं वेगळं समजवायला नको.

ज्यांना भिंतच घालायची आहे त्यांनी घाला बापडे, पण गवंड्याला सांगून तळाशी चार-पाच फुटांवर एकेक पाइपचा तुकडा तरी बसवून घ्या आणि मागच्या अंगाला माती न भरता खडी-दगड भरा, म्हणजे पाण्याला वाट राहील. गवंडी स्वतःहून करत नाही. आणि त्याच्याही आधी मोजणी करून घ्या. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, आता ऑनलाइन पण होतो, हद्दीच्या खुणा सरकारी माणूस दाखवून जातो. कोकणात हातभर जमिनीसाठी दोन पिढ्या कोर्टात जातात हे जगजाहीर आहे, आणि त्यातल्या निम्म्या भांडणांची सुरुवात गडग्याचा दगड चार बोटं सरकला इथून झालेली असते. आमच्या शेजाऱ्यांनी आणि आम्ही खुणा एकत्र उभं राहून बघितल्या, चहा प्यायलो, विषय संपला.

आम्ही गडगाच ठेवला. पुढच्या बाजूचा ढासळलेला सगळा उतरवला आणि परत रचून घेतला. रचणारा माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट, तरुण पोरं चिरेखाणीवर नाहीतर मुंबईला, शेवटी पलीकडच्या वाडीतले एक वयस्कर काका आले. दोरी न लावता, लेव्हलपट्टी नाही काही नाही. पहिल्यांदा माती उकरून कडक मुरूम लागेपर्यंत खाली गेले, मोठे धोंडे तळाला, रुंदी चांगली अडीच-तीन फूट, आणि वर येताना दोन्ही बाजूंनी आत घेत घेत कमरेच्या थोडं वर थांबले. प्रत्येक दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचे, बसवायचे, वरून तळहाताने दाबून डुलतो का बघायचे, डुलला की कपची शोधून खाली ठोकायचे. खालच्या दोन दगडांचा सांधा वरच्या दगडाखाली आलाच पाहिजे, सांध्यावर सांधा आला की चिडायचे, स्वतःवरच. मधेमधे एक लांब दगड असा घालायचे जो आरपार दोन्ही तोंडांना पोचेल. पोटात बारीक दगड भरले, माती नाही. मी म्हटलं काका माती भरली तर लवकर होईल, तर म्हणाले, "वैनी, मातीचा गडगा पावसाळ्यापुरता, दगडाचा नातवापर्यंत." मग मी गप्प चहा टाकायला आत गेले.

खर्चाचं विचाराल तर मजुरी सोडून फार काही नाही, कारण दगड तिथलेच. आणि इथेच माळ्याची आणि अंगणाची अडगळ कामी आली. पाडलेल्या जुन्या गोठ्याचे चिरे रान वाढून पडलेले होते, ते वरच्या थराला बसवले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर राहून कडक होतो, त्यामुळे जुने चिरे नव्यापेक्षा उजवेच, नुसते शेवाळं घासून घ्यायचे. मंगलोरी कौलांचा ढीग होता, काहींवर मागे कारखान्याचं नाव अजून नीट वाचता येतं. मंगळूरला 1865 मध्ये बासेल मिशनने पहिला कारखाना काढला आणि तिथून ही कौलं गलबतांनी आपल्या सगळ्या किनाऱ्यावर आली. चांगली अख्खी कौलं वेगळी रचून ठेवली, छपराला लागतातच, आता तशी मिळतही नाहीत. फुटकी होती ती उभी अर्धी मातीत पुरून फुलझाडांच्या वाफ्यांना कड केली. आंब्याच्या लाकडी पेट्या मोडून बेड्याला (गडग्यातल्या येण्याजाण्याच्या वाटेला) आडव्या फळ्या मिळतील असा आमच्या ह्यांचा विचार होता, पण त्यांना वाळवी लागलेली, त्या चुलीत गेल्या. बेड्याला बांबूच घातले, आडवे सरकवायचे, जुन्या पद्धतीचे. माणूस वाकून येतो, म्हैस थांबते.

दर्शनी भागाला मात्र झाडांची वई पाहिजे, नुसता गडगा बोडका वाटतो. इथेही शहरातून सूचना आल्या, दुरांटा लावा, पिवळा छान दिसतो. दिसतो खरा, पण त्याची केशरी फळं विषारी असतात आणि घरात लहान मूल येतंजातं, कशाला ती भानगड. आपल्याकडे फुकटात मिळणारं काय कमी आहे का? निरगुडी आणि अडुळशाला बकरी तोंड लावत नाही, आणि दोन्ही घरच्या औषधाला. मेंदी दाट होते. कोरांटीला काटे पण असतात आणि फुलं पण. बांधाच्या मागच्या बाजूला गिरीपुष्प, नुसती फांदी रोवली की फुटते, पाला भातशेतीला हिरवळीचं खत म्हणून जातो. पांगारा लावला तर त्यावर मिरीचा वेल चढवता येतो, म्हणजे कुंपण पण आणि मिरी पण. फक्त टणटणी (घाणेरी) ठेवू नका, फुलं गोड दिसतात पण ती बाकी काही वाढू देत नाही, मुळासकट काढायची.

समोर पाखाडीच्या बाजूला आम्ही जास्वंद ठरवलीय, लाल गावठी. त्याच्या काड्या जूनमध्ये पाऊस लागला की लावायच्या, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, दोन-तीन डोळे मातीत जातील अशी, गडग्यापासून आत दोन-अडीच फूट सोडून, दोन ओळी आणि दुसऱ्या ओळीतली काडी पहिल्या ओळीच्या मोकळ्या जागेत. शेंडे वेळच्या वेळी खुडले की बाजूने फुटते, नाहीतर नुसती उंच वाढून खाली सगळं उघडं राहतं, आणि ते काम राहणाऱ्यालाच करावं लागतं, फोनवरून होत नाही. गडग्याला चिकटून लावायचं नाही ह्याला कारण आहे. आमच्याकडे फुरसं असतं, सापाची एक जात, जांभ्याच्या दगडात, वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दिसत नाही आणि चावलं तर जिवावर बेततं. गडग्याला फटी असतात म्हणून लोक भिंत घालतात असंही एक कारण सांगतात आणि ते अगदीच खोटं नाही. पण फुरसं फटीत येतं ते उंदीर, पाली, बेडूक तिथे मिळतात म्हणून आणि बाजूला टेकवलेल्या कौलांची, पत्र्यांची आयती सावली असते म्हणून. दोन्ही अंगांना जमीन झाडून स्वच्छ ठेवली, रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडलं आणि दगड उचलताना काठीने आधी हलवून बघितलं तर गडग्यासकट पिढ्यान् पिढ्या राहता येतं, आम्ही राहतोयच की. वानरांचं मात्र मला विचारू नका. त्यांना ना गडगा, ना भिंत, ना सिंह.

आता काम राहिलं गावाचं. राज्यात 2000-01 ला आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा मी नवीन लग्न होऊन आलेली. समिती तपासायला येणार म्हटल्यावर अख्खी वाडी खराटे घेऊन पाखाडीवर, गडग्यांना चुन्याचे पट्टे, दारात रांगोळ्या. समिती गेल्यावर काय झालं ते सोडा, पण तेव्हा एक होतं, आपल्या दारापुढचं आपण बघायचं ही रीत सगळ्यांना पटलेली. आता ग्रामपंचायतीकडे घंटागाडी आहे, ओला-सुका वेगळा मागते, चांगलं आहे. पण जाडा टीव्ही, ट्यूबलाइट, फोमचा सोफा, औषधं याला गाडीत जागा नाही. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा मे अखेरीला पाऊस लागायच्या आधी, एक ठरलेला दिवस ठेवून अशा वस्तू एका जागी गोळा करायच्या आणि तालुक्याने किंवा जिल्ह्याने तिथून अधिकृत रिसायकलरकडे पाठवायच्या, एवढं जमायला हरकत नाही. टेम्पोचं भाडं वाड्यांनी वाटून घेतलं तरी माणशी फार पडत नाही. जाळणं हा उपाय नाही, आमच्याकडे फोम जाळलेला त्या रात्री खालच्या घरातल्या आजींना दम्याने झोप नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमचा पेपर मुंबईत पण वाचला जातो. पुढच्या वेळी घर आवरायचं पान काढाल तेव्हा निम्मं पान जुन्या वस्तू कुठे द्यायच्या याला द्या, मुंबई-ठाण्यात ई-कचरा कुठे घेतात, जुनं फर्निचर कुठल्या संस्था घेतात, औषधांचं काय करायचं, वॉर्डवार पत्ते छापा. तिकडे सोय आहे, इकडे नाही, आणि वस्तू मात्र सोय सोडून गैरसोयीकडे येतायत. एकदा गावच्या पडवीत उतरली की ती परत जात नाही, टेम्पो रिकामा जातो.

जमलं तर दिवाळीच्या आधीच छापा. धाकट्या भावोजींचा कालच फोन आला होता, नवीन फ्रिज घेतायत, जुना चालू आहे फक्त दार लागत नाही, गावाला उपयोगी पडेल म्हणाले.

आपली,
एक नियमित वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी